बोधनिक लवचीकता

मनात पक्की बसलेली रीत नव्या परिस्थितीत लागू पडत नाही, हे ओळखून ती बदलण्याची क्षमता.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लूचिन्स यांचा १९४२ मधला पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग या बाबतीत सर्वांत बोलका आहे. २१, १२७ आणि ३ माप पाणी मावणारी तीन भांडी. मोजायचे नेमके १००. मधले भांडे भरायचे, त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून घ्यायचे. याच युक्तीची काही कोडी सोडवून झाली की २३, ४९, ३ ची भांडी देऊन २० माप मागत. २३ मधून ३ काढले की काम संपले; पण बहुतेकांनी जुनीच लांबची वाट धरली. आधीची कोडी न सोडवलेल्यांना सोपी वाट लगेच दिसली. मेख अशी की जुनी युक्ती इथेही चालते (४९ − २३ − ६ = २०), मग तिच्यावर शंका येणार कशी? पुढच्या २८, ७६, ३ या कोड्यात (हवे २५) ती चालतच नाही, तिथे अनेक जण अडकले.

विस्कॉन्सिन पत्ते-चाचणीत (१९४८) पत्ते रंग, आकार किंवा संख्येनुसार लावायचे असतात. नियम न सांगता बदलतो आणि कळते ते फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच. मेंदूच्या पुढच्या खंडाला इजा झालेले रुग्ण ‘चूक’ ऐकूनही जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतात, असे मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासक ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ मध्ये दाखवले.

हाताच्या सवयी तर बुद्धीला विचारतच नाहीत. भारतातून अमेरिकेत गेलेल्याला रस्त्याची उजवी बाजू पाठ असते, तरी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो, कारण दांड्यांची जागा उलटी.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे आणली. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोक याच्या विरोधात होते. अपघात वाढतील ही भीती खोटी ठरली. सुरुवातीला ते उलट घटले, कारण प्रत्येक चालक जपून गाडी हाकत होता. नवी बाजू अंगवळणी पडली, तसे अपघात पुन्हा पूर्वीइतके झाले.