केविन कार्टर आणि ‘दुसरे गिधाड’

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि शाळेच्या परिपाठातही तो मी ऐकला आहे: सुदानमधील भुकेल्या मुलीचा व गिधाडाचा फोटो काढून दक्षिण आफ्रिकेचा वृत्तछायाचित्रकार केविन कार्टर निघून गेला, मुलगी मेली, आणि ‘तिथे दोन गिधाडे होती’ असे कुणी फोनवर सुनावताच त्याने आत्महत्या केली.

मार्च १९९३ मध्ये तेव्हाच्या सुदानमधील अयोद येथे काढलेला तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहावा. मुलाच्या मनगटावर पांढरी प्लास्टिकची पट्टी दिसते, म्हणजे अन्नकेंद्रात त्याची नोंद आधीच झालेली होती. ती मुलगी नव्हे, मुलगा होता. २०११ साली वडिलांनी एका स्पॅनिश वर्तमानपत्राला सांगितल्याप्रमाणे तो त्या दुष्काळातून वाचला आणि २००७ च्या सुमारास तापाने वारला. गिधाडाला कार्टरनेच हुसकावले होते (त्याआधी चांगल्या चौकटीसाठी तो बराच वेळ थांबला, हे मात्र खरे). ‘दुसरे गिधाड’ हा टोमणा फ्लोरिडातील एका वर्तमानपत्राने मारला होता.

जोहान्सबर्गलगतच्या वस्त्यांतील गोळीबारात जीव धोक्यात घालून फोटो टिपणाऱ्या कार्टरला एप्रिल १९९४ मध्ये पत्रकारितेतील पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच महिन्यात त्याचा जिवलग सहकारी केन ऊस्टरब्रुक गोळी लागून ठार झाला. जुलैमध्ये आत्महत्येपूर्वी कार्टरने लिहिलेल्या चिठ्ठीच्या प्रसिद्ध झालेल्या भागात केनचे नाव आहे, पैशांची ओढाताण आहे, पाहिलेल्या हत्यांच्या आणि उपाशी मुलांच्या आठवणी आहेत. ‘दोन गिधाडे’ म्हणून सुनावणारा फोन मात्र कुठेच नाही.