"निकोटिन नाही म्हणजे चालतं" हे आधी डोक्यातून काढा

परवा भाच्याच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, व्हेप म्हणजे ई-सिगारेट होती ती, आंब्याचा वास येत होता, विचारलं तर म्हणे "मामा, यात निकोटिन नाहीये, झीरोवालं लीगल असतं". हे व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतंय आणि साफ चुकीचं आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला, आणि त्याच्या व्याख्येतच लिहिलंय की निकोटिन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो, पदार्थ तापवून ओढायची वाफ तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेटच, ई-हुक्का पण त्यातच आला. बनवणं, आयात, विक्री, ऑनलाइन विक्री, जाहिरात, सगळं बंद. यातलं काही करताना पहिल्यांदा सापडला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठा करून ठेवला तरी 6 महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि ते "18 पूर्ण झाले की घेता येतं" वालं? अहो तो नियम साध्या सिगारेट-तंबाखूचा, 2003 च्या कायद्यातला. व्हेप तर चाळिशीच्या माणसालाही विकता येत नाही. पानटपरीवाला काउंटरखालून काढून देतो ते उगाच नाही.