ब्रिजवरची फायरवॉल: एका डीफॉल्टची पार्श्वभूमी

एआरपीची (आयपी पत्त्यामागचे यंत्र शोधणाऱ्या चौकशीची) उत्तरे येतात, पिंग मात्र जात नाही. केव्हीएम या लिनक्सवरच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सुरुवातीच्या काळात ब्रिजला, म्हणजे नेटवर्कचे तुकडे जोडणाऱ्या दुव्याला, व्हर्च्युअल मशीन जोडणाऱ्या अनेकांनी हा घोळ निस्तरला असेल. ब्रिज आयपी पत्ते पाहतच नाही, मग पॅकेट अडवते कोण? अडवत होते होस्टचेच (ती मशिन्स चालवणाऱ्या यंत्राचेच) आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्सची फायरवॉल. त्याचे मूळ डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल 2.6 मधल्या एका सोयीत आहे.

त्याआधीचे थोडक्यात आटोपते. दोन इथरनेट तुकडे जोडणारी पेटी, म्हणजे ब्रिज, 1980 च्या दशकातली, तिचे 802.1डी हे प्रमाण 1990 चे. ब्रिजवरच फायरवॉल बसवण्याची कल्पना रुळली ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस. ओपनबीएसडी या युनिक्स-धाटणीच्या प्रणालीत ब्रिज 1999 साली, 2.5 या आवृत्तीत आला. फायदा उघड होता. राउटर आणि स्विच यांच्या मध्ये पेटी घालायची. कुणाचा आयपी बदलायचा नाही, गेटवे बदलायचा नाही. टीटीएल (पॅकेटमधला, दर राउटरला एकाने घटणारा आकडा) कमी होत नसल्याने वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्येही ती दिसत नाही.

लिनक्सवर ब्रिजसाठी ईबीटेबल्स हे वेगळे फिल्टर होते, पण आलेले पॅकेट चालू कनेक्शनचे की नवे, हे त्याला कळत नसे. ती नोंद आयपीटेबल्सच्या बाजूला, कनेक्शनांचा तक्ता ठेवणाऱ्या कॉनट्रॅककडे. म्हणून तोडगा निघाला: ब्रिजवरून जाणाऱ्या फ्रेममध्ये आयपी पॅकेट असेल, तर ते राउट होत आहे असे भासवून आयपीटेबल्सच्या चेनमधून (नियमांच्या साखळ्यांतून) फिरवायचे. ब्रिजच्या कोणत्या पोर्टातून आले ते पाहायला फिजडेव्ह ही आयपीटेबल्सची कसोटी. डीनॅटसुद्धा (पॅकेटचा गंतव्य पत्ता बदलणे) चाले. पारदर्शक फायरवॉल बांधणाऱ्याला आणखी काय हवे!

वाद सोयीवर नव्हता, डीफॉल्टवर होता. हा वळसा चालू-बंद करणारी ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स ही सेटिंग मुळातच 1, म्हणजे चालू, होती. ती 0 केली तर चालू असलेल्या फायरवॉल गुपचूप उघड्या पडतील, असे तिच्या बाजूचे लोक म्हणत. मुद्दा खोटा नाही. पण अशा फायरवॉल बांधणारे मूठभर, आणि ब्रिज मात्र पुढे व्हर्च्युअलायझेशनच्या होस्टांवर सर्रास आला. होस्टपुरता लिहिलेला फॉरवर्ड (होस्टमधून पुढे जाणारी पॅकेट) नाकारण्याचा नियम पाहुण्या मशिन्सचा आपसातला ट्रॅफिकही तोडू लागला. त्याहून वाईट म्हणजे, दोन ग्राहकांच्या दोन ब्रिजवर तेच खासगी पत्ते असले तर कॉनट्रॅकच्या एकाच तक्त्यात त्यांची सरमिसळ होण्याचा धोका. मूठभरांच्या सोयीचा भुर्दंड बाकीच्यांनी का भरायचा, याचे पटेल असे उत्तर मला तरी कुठे सापडले नाही.

सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, फाइलीत 0 लिहूनही सुटका नसे. बूट होताना ती ओळ वाचली जाई तेव्हा ब्रिजचे मॉड्यूल (कर्नलचा गरजेनुसार लोड होणारा भाग) लोडच झालेले नसे. ‘या नावाची सेटिंगच नाही’ असा एरर येई, आणि नंतर मॉड्यूल येई ते 1 घेऊनच.

अखेर डिसेंबर 2014 मध्ये, कर्नल 3.18 मध्ये, हा भाग बीआर-नेटफिल्टर या वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढला. हवे त्याने लोड करावे. प्रश्न मिटला असे वाटेपर्यंत कंटेनर आले आणि त्यांना नेमके उलटे हवे होते. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये एखादा पॉड (कंटेनरांचा गट) सर्व्हिसच्या आभासी पत्त्याला हाक मारतो, डीनॅट ती त्याच नोडवरच्या (यंत्रावरच्या) दुसऱ्या पॉडकडे वळवते. उत्तर ब्रिजवरून थेट परतले तर पत्ता पूर्ववत होत नाही आणि पहिला पॉड ते टाकून देतो. म्हणून पूर्वी लोक जी सेटिंग 0 करायला धडपडत, ती 1 नसेल तर क्युबॲडम हे कुबरनेटीस बसवणारे साधन पूर्वतपासणीतच थांबू लागले. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या 1.13 ने (जानेवारी 2017) फॉरवर्डची पॉलिसी ‘ड्रॉप’, म्हणजे मुळातच नाकारणे, अशी ठेवली. त्याच होस्टवर हे मॉड्यूल असले की केव्हीएमची मशिन्स पुन्हा मुकी.

2019 च्या कर्नल 5.3 पासून एनएफटेबल्सला, म्हणजे आयपीटेबल्सच्या वारसदाराला, ब्रिजवर स्वतःचे कनेक्शन ट्रॅकिंग मिळाले. आयपीटेबल्सकडे वळसा घालण्याची गरज उरली नाही. ओपनबीएसडीने 2021 साली 6.9 मध्ये वीईबी हा नवा ब्रिज आणला. त्यात पॅकेट पीएफकडे (ओपनबीएसडीच्या फायरवॉलकडे) मुळात जातच नाही; हवे असेल तर लिंक1 हा फ्लॅग मुद्दाम लावावा लागतो.