रिक्षाचे २६ रुपये रेषेवर नेमके कुठे बसतात?

रेषीय समीकरण शिकवताना रिक्षाचं उदाहरण हमखास येतं. एक्स म्हणजे अंतर, वाय म्हणजे भाडं. किमान भाडं म्हणजे अंतःखंड (रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती किंमत), किलोमीटरचा दर म्हणजे चढ. 'वाय = एमएक्स + सी'मध्ये सीच्या जागी २६ टाका, एमच्या जागी १७.१४, झाली रेषा तयार! या हिशेबाने सात किलोमीटरचे १४६ रुपये होतात. मुंबईतला मीटर मात्र १२० दाखवतो. मीटर बरोबर आहे, उदाहरण चुकलंय.

१ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये पडतात. ग्यानबाची मेख 'पहिल्या दीड'मध्ये आहे. अंतःखंड म्हणजे एक्स शून्य असताना वायची किंमत, आणि २६ हा आकडा तर दीड किलोमीटरवरचा. म्हणजे आलेखाचे दोन तुकडे पडतात. शून्यापासून दीडपर्यंत आडवी रेघ, चढ शून्य. तिथून पुढे चढती रेषा.

आता चढत्या तुकड्याला पट्टी लावा आणि रेषा डावीकडे, मागे वाढवा. दीड किलोमीटर मागे आलं की वाय १.५ × १७.१४, म्हणजे २५.७१ ने उतरतो. २६ मधून ते गेले की उरले २९ पैसे. हाच खरा अंतःखंड! टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. तिचा हिशेब तर आणखी देखणा: ३१ वजा १.५ × २०.६६, बाकी एक पैसा. रेषा जवळजवळ आरंभबिंदूतूनच, म्हणजे शून्य अंतर-शून्य भाडं या बिंदूतूनच जाते. किमान भाडं म्हणजे नुसतं बसण्याचे वेगळे पैसे नव्हेतच. दीड किलोमीटरचं भाडं, तेवढं गेलात न गेलात तरी. रिक्षाचा आधीचा दर २३ आणि १५.३३ होता, त्याचाही अंतःखंड अर्ध्या पैशाचा. दरवाढीत रेषा वर सरकली नाही, आरंभबिंदूपाशी खिळलेली राहून जास्त उभी झाली.

आलेखासाठी कोष्टक मांडायची गरज नाही. १७.१४ म्हणजे जवळपास १२० भागिले ७. एक सेंटिमीटरला एक किलोमीटर आणि २० रुपये असं प्रमाण घ्या. आरंभबिंदूपासून सात सेंटिमीटर उजवीकडे, सहा वर. दोन बिंदू जोडले की चढती रेषा तयार, फक्त दीडच्या डावीकडे तिच्याऐवजी २६ वरची आडवी रेघ. (मीटरचा आकडा टप्प्याटप्प्याने बदलतो, म्हणून खरा आलेख बारीक पायऱ्यांचा, ते सोडून देऊ.) प्रमाण मात्र नीट बघावं. वाय-अक्ष शून्याऐवजी २० पासून सुरू केला, तर २३ वरून २६ ही वाढ १३ टक्क्यांची असूनही चित्रात भाडं दुप्पट झाल्यासारखं दिसतं. सनसनाटी बातम्यांतले कितीतरी आलेख याच युक्तीवर चालतात.

घसघशीत अंतःखंड हवा असेल तर टॅक्सीने वांद्रे-वरळी सी-लिंकवरून जा. १०० रुपये टोल प्रवाशाच्या माथी, अंतर कितीही असो. रेषा स्वतःला समांतर राहून शंभरने वर उचलली जाते. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत भाडं सव्वापट. तिथे चढ बदलतो, २०.६६ चा २५.८३ होतो. दोन्ही एकत्र आले तर आधी सव्वापट, मग टोल. दहा किलोमीटरचे ३५८ रुपये. टोल मिळवून मग कोणी सव्वापट करू लागला तर ३८३ होतात. ते २५ रुपये द्यायचे नाहीत.