माळरान ‘पडीक’ कसे ठरले : पार्श्वभूमी

महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणदेशात जेमतेम 500. पण झाडोरा एकट्या पावसावर ठरत नाही. एकाच शिवारात टेकडीच्या मुरमाड माथ्यावर कुसळी आणि पवन्या ही गवते वाढतात, तर ओढ्याकाठच्या काळ्या मातीत बाभूळ. वीतभर मातीखाली कातळ लागला आणि आठ महिने कोरडे गेले, तर तिथे गवतच टिकते. दक्षिण आशियात अशी उष्ण हवामानातली गवते पसरू लागली त्याला 60 ते 80 लाख वर्षे झाली, म्हणजे माणसाची कुऱ्हाड यायच्या कितीतरी आधी.

घोळ झाला तो शब्दांचा. देशातील वनांचे वर्गीकरण 1936 मध्ये मांडले गेले आणि 1968 मध्ये सुधारले गेले. मोकळी सोडलेली जमीन हवामानाला साजेशा वनाकडे जाते, ही त्यामागची धारणा. त्यामुळे कोरडे गवताळ रान आणि काटेरी झुडपे यांच्या नावापुढे ‘डीएस’ (डिग्रेडेशन स्टेज) ही अक्षरे आली, म्हणजे अवनतीची अवस्था. उथळ माती, वणवा, चराई या तिथल्या परिस्थितीचा भाग न मानता बिघाड मानल्या गेल्या. कोळशासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी काही डोंगर खरोखरच उघडे पडले, हे खरे. पण तो न्याय सरसकट सगळ्या माळांना लावणे चूकच होते.

त्याच माळांवर महसूल खात्याचा ‘पडीक’ हा शिक्काही होता. शेतकऱ्याच्या बोलीत पडीक म्हणजे पेरा न केलेले रान. दप्तरात त्याचा अर्थ निरुपयोगी असा होऊन बसला. 1985 मध्ये पडीक जमिनींसाठी राष्ट्रीय मंडळ नेमले गेले आणि दरवर्षी 50 लाख हेक्टरांवर लागवडीचे लक्ष्य ठरले. खड्डे खणले गेले ते बहुतेकदा गवताच्याच मुळावर.

अलीकडे अभ्यासक जुन्या मराठी ओव्या आणि चरित्रांतली झाडे तपासू लागले आहेत. पंढरपूरच्या देवळातली, संतकथेत येणारी तरटी घ्या : ती दाट वनातली नव्हे, कोरड्या उघड्या रानातली काटेरी वनस्पती. म्हणजे काही शतकांपूर्वीही हा मुलूख बराचसा मोकळाच होता. तरीही पुण्याच्या टेकड्यांवर जिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या झाडाची) दाट लागवड झाली, तिथे खाली गवत फारसे उरलेले नाही.