हायड्रो गेला, की पट्टा सैल?

कोकण किनाऱ्यावर रिसॉर्टांच्या हिरवळी वाढल्या, तशी गवत कापायची सेकंडहँड ‘झीरो टर्न’ यंत्रंही अधूनमधून दिसू लागली. मागे दोन स्वतंत्र चाकं, हातात दोन दांडे. एक पुढे, एक मागे केला की यंत्र जागच्या जागी गर्रकन वळतं. ते चढावर दमलं की गॅरेजात एकच निदान ऐकू येतं, “हायड्रो गेला”, म्हणजे चाकं फिरवणारा तेलाचा पंप झिजला. हे निदान मला फार घाईचं वाटतं.

या यंत्रात क्लच नाही, गिअर बदलणं नाही. इंजिन पट्ट्यानं दोन पंप फिरवतं, प्रत्येक चाकाला एक. पंपाच्या पोटात फिरणारा गोल ठोकळा, त्यात वर्तुळात बसवलेले छोटे पिस्टन आणि त्यांची टोकं एका तबकडीवर टेकलेली. तबकडी ठोकळ्याच्या अक्षाशी काटकोनात असेल तर पिस्टन नुसतेच गोल फिरतात, आतबाहेर होत नाहीत. तेल वाहत नाही, चाक थांबलेलं. दांडा थोडा पुढे केला की तबकडी कलते. आता पिस्टन अर्ध्या फेरीत तेल ओढतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत ढकलतो, आणि ते तेल चाकाची मोटर फिरवतं. कल वाढला की पिस्टनची धाव वाढते, वेग वाढतो. तबकडी उलटी कलली की तेलाची वाट उलटी आणि चाकही उलटं. इंजिन मात्र एकाच दिशेनं फिरत राहतं. सगळा कारभार एका कोनावर. यंत्ररचनेत इतकी देखणी कल्पना क्वचितच सापडते!

पण तेल दाबाखाली असल्यानं पिस्टनभोवतीच्या फटीतून थोडं निसटतंच. ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तेलाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात बदलते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. त्यात २०डब्ल्यू-५० सारखं इंजिन तेल ४० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर जाताना साधारण नऊपट पातळ होतं. म्हणून झिजलेला पंप थंड असताना छान ओढतो आणि तापल्यावर चढावर मान टाकतो. ‘झिजलेल्या पंपाला नवं आयुष्य’ देणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. धातू झिजून पडलेली फट कुठलंही मिश्रण भरून काढत नाही.

दोन्ही चाकं एकदम दमली तर आधी पट्टा बघा. दोन्ही पंप एकाच वेळी झिजण्यापेक्षा त्यांना फिरवणारा पट्टा घसरण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात गंजून अडकतो आणि स्प्रिंग शाबूत असूनही पट्टा ताणला जात नाही. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोच आहे. एकच चाक मेलं असेल तर त्या बाजूचा बायपास, म्हणजे तेलाला आडवाट देणारी झडप, तपासा. यंत्र ढकलण्यासाठी उघडलेला बायपास तसाच राहिला की तेल मोटरला वळसा घालून परत जातं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. यंत्र नुसतंच एका बाजूला ओढत असेल तर टायरमधली हवा आधी सारखी करा.

तेल बदलल्यावर आत राहिलेली हवाही असाच त्रास देते, कारण तेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. पुढच्या चाकांना पाचर लावून मागची चाकं उचला आणि यंत्र भक्कम स्टँडवर टेकवा. बायपास उघडे ठेवून, इंजिन संथ चालवत दांडे पाच-सहा वेळा सावकाश पुढेमागे करा. मग इंजिन थांबवून बायपास बंद करा, पुन्हा तेच करा, आणि यंत्र थंड झाल्यावर तेलाची पातळी बघून कमी असेल तेवढं भरा.