यशोधरपूर (अंगकोर)

कंबोडियातील ख्मेर साम्राज्याची राजधानी. संस्कृत ‘नगर’चे ख्मेर वळण म्हणजे ‘अंगकोर’. नवव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या यशोवर्म्याने राजधानी हरिहरालयाहून हलवली आणि बाखेंग टेकडीभोवती हे नगर वसवले. ९२८ ते ९४४ या काळात दरबार कोह केरला होता. तेवढा अपवाद वगळता पंधराव्या शतकापर्यंत साम्राज्याचे केंद्र इथेच राहिले.

अंगकोर वाट आणि बायोन ही देवळे जगप्रसिद्ध आहेत, पण हे नगर समजून घ्यायचे तर आधी त्याचे पाणी पाहावे. पावसाळा संपला की इथे सुमारे सहा महिने कोरडे जातात. त्यासाठी ‘बाराय’ नावाचे प्रचंड आयताकृती तलाव बांधले गेले. यशोवर्म्याचा पूर्व बाराय सुमारे ७.५ किमी लांब व १.८ किमी रुंद, तर अकराव्या शतकातला पश्चिम बाराय ८ किमी लांब व २.१ किमी रुंद आहे. हे तलाव खोल खणलेले नव्हेत. आजूबाजूची माती उचलून चारही बाजूंना भराव घातला आणि पाणी मूळ जमिनीच्या वर साठवले. मैदानाला ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे अगदी मंद उतार असल्याने बांध फोडून सोडलेले पाणी आपसूक खाली वाहते. 

या व्यवस्थेचे दुखणे अंगकोर थोम या तटबंदीच्या शहराच्या पूर्वेला स्पिअन थ्मा पुलापाशी डोळ्यांनी दिसते. जुन्या इमारतींचे कोरीव वालुकाश्म वापरून हा पूल बांधला. आज नदी त्याच्या कमानींना वळसा घालून बाजूने वाहते आणि तिचे पात्र कित्येक मीटर खाली गेले आहे. सरळ खणलेल्या पाटात पाण्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो. मग पात्र खोल गेले की वरच्या पातळीवरच्या चरांत पाणी चढत नाही. खरवडलेली वाळू दक्षिणेकडच्या कालव्यांत साचली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत लांबलेले दुष्काळ आणि मधूनच आलेल्या अतिवृष्टीची वर्षे, यांची नोंद व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या खोडांतील वलयांत सापडते. १४३१ च्या सुमारास अयुथया या थाई राज्याच्या सैन्याने नगर घेतले, तेव्हा ही पाणीव्यवस्था आधीच खिळखिळी झाली होती. त्यामुळे पडझडीचे सारे खापर एकट्या स्वारीवर फोडणे योग्य नाही.

पश्चिम बारायच्या पश्चिम भागात अजून पाणी असते. पूर्व बाराय कोरडा पडला आहे; त्याच्या मधोमध, एके काळी होडीने जावे लागे त्या पूर्व मेबोन देवळाच्या धक्क्याच्या पायऱ्या आता भातखाचरांकडे उतरतात.